पेटीची जागा

दादा वहिनीला घेऊन दोन दिवसांसाठी येतो आणि माझ्या आयुष्याची झाडलोट करून जातो. या खेपेला बागेच्या मागे लागला. थंडी ओसरत आली होती, छाटणी उरली होती. मी त्याच्या हातात कात्री दिली आणि बियाणं आणायला गेले. माझीच अक्कल गहाण पडली होती.

दुपारी फाटक उघडलं तर भिंतीपाशी, मधपेटीच्या जागी, बाक. नवाकोरा. पाय ओल्या सिमेंटात रोवलेले. आणि बाकाच्या पाठीवर माश्यांचा गोळा, अंग चोरून बसलेला.

"पेटी कुठाय?"

"झुडपांमागे. सकाळी सगळ्या आत होत्या तेव्हाच हलवली. एकही चावली नाही! आता चहा घेऊन उन्हात बसता येईल."

"कुणाला?"

"तुलाच की, बये."

माझ्या दोन पेट्या याच हिवाळ्यात मेल्या. ही तिसरी मी हट्टाने जगवली होती. साखरेच्या वड्या घातल्या, वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधलं. आणि या शहाण्याने ती पन्नास पावलं लांब नेली. माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. सरकवायची तर रोज हातभर, नाहीतर थेट चार गावं पलीकडे. ऊन पडल्यावर त्या बाहेर गेल्या आणि परतल्या जुन्याच जागी. तिथे घर नाही, बाक.

वहिनीने खिडकीतून डोकं काढलं. "पंख आहेत ना त्यांना? पन्नास पावलांचं काय एवढं?"

"वहिनी, खिडकी लावा. गारठा आत येतोय."

चार वाजत आले होते. ऊन गेलं की या टपाटप गळणार. आत उरलेल्या मूठभर माश्या पिल्लांना ऊब देऊन देऊन किती देणार?

मी पिसाने माश्या अलगद पुठ्ठ्यावर घेतल्या. मग पहार आणली.

"अगं, सिमेंट ओलं आहे! उद्यापर्यंत हात—"

"ओलं आहे म्हणूनच आत्ता."

बाक दुसऱ्या झटक्यात उपटला.

"तुझ्यासाठीच केलं ना मी!" दादाचा आवाज चढला. "निदान विचारायचंस तरी."

"विचारायला तू हवं होतंस. माझी नोकरी सोडायला लावलीस, तेव्हाही. आता बोलू नको, पेटीची ती बाजू धर. हिसका द्यायचा नाही."

त्याने धरली. पन्नास पावलं आम्ही पेटी न हिंदकळवता चाललो. पेटी जुन्या जागी टेकवली, दाराशी पुठ्ठा लावला. आधी कुणी हलेना. मग दोनचार माश्या दारात बूड वर करून पंख फडफडवायला लागल्या. घर सापडलं की बाकीच्यांना त्या असंच बोलावतात. गोळा सुटला, रांग आत सरकू लागली.

दादा सिमेंटाचे गोळे लागलेला बाक धरून उभा. "मग हा कुठे लावू?"

"तुझ्या दारात," मी म्हणाले आणि गवतात गळलेल्या माश्या वेचायला गुडघ्यांवर बसले.