ताजा नमुना

प्रयोगशाळेची खिडकी उघडत नाही. उघडली तरी उपयोग नाही. बाहेर कचऱ्याचा डोंगर आहे आणि पायथ्याशी त्यातून झिरपलेल्या काळ्या पाण्याचं तळं. चौदा महिने मी या पाण्याचा सीओडी मोजते आहे, म्हणजे त्यात किती घाण उरली त्याचा आकडा. पाणी आम्लधर्मी करून त्यात लोहाचं मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. घाणीचे रेणू तुटतात. आकडा अडीचशेच्या खाली आला की पाणी सोडता येतं.

साहेबांच्या खणात माझ्या बदलीचं पत्र होतं, सही झालेलं. "सलग तीन दिवस अडीचशेच्या आत दाखव, की सुटलीस," ते म्हणाले होते.

तेव्हापासून मला धीर धरवेना. पंप चालवणारे मामा नमुना दुसऱ्या दिवशी आणायचे, रात्रभर चुन्याच्या टाकीत निवलेला. मी म्हटलं, एवढा वेळ कशाला घालवायचा? सरळ पहिल्या टाकीतून ताजा आणा. ताज्याचा आकडा आला दोनशे ऐंशी. निवलेल्या नमुन्याचा आकडा कमी यायचा, पण ती चुन्याची करामत समजून मी अहवालात लिहिलं, पेरॉक्साइडचा डोस चुकतो आहे. सतरा वर्षं पंप चालवलेल्या मामांना फाटकावर ट्रकची चाकं धुवायला पाठवलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "ताई, पंपाला सांभाळून घ्या. सकाळी सकाळी रुसतो."

मग मी डोस वाढवला. तीनशे दहा. आणखी वाढवला. तीनशे नव्वद. चाचणीची नळी दोन तास तापवावी लागते. ते दोन तास मी तापकाच्या लाल दिव्याकडे बघत बसायची आणि दिवा विझला की आकडा मला आणखी आत ढकलायचा. असे सहा आठवडे गेले.

एक दिवस पंपावरचा नवा माणूस आला नाही, म्हणून बाटली मामांनी आणली. मी झाकण फिरवलं. फस्स!

"हे पाणी ढेकर देतंय की ताई."

"गॅस असेल."

"कसला गॅस? आमच्या चुन्याच्या टाकीतलं कधी ढेकर देत नव्हतं. गप पडून असायचं बिचारं."

मामा गेले आणि मी बुडबुड्यांकडे बघत राहिले. हा पेरॉक्साइड मोडताना सुटणारा ऑक्सिजन होता. म्हणजे पेरॉक्साइड संपलेलंच नव्हतं. मी शुद्ध पाणी घेतलं, त्यात थोडं पेरॉक्साइड टाकलं आणि नळी तापकात ठेवली. दोन तासांनी आकडा आला दोनशे तीस. ज्या पाण्यात घाणीचा कणही नव्हता, त्याचा.

चाचणीतलं रसायन घाणीवर खर्च होतं, तसंच उरलेल्या पेरॉक्साइडवरही. मामांच्या टाकीत रात्रभरात चुना ते मोडून टाकत होता. मी डोस वाढवत होते आणि माझाच आकडा फुगवत होते.

मामांची डोसची जुनी वही काढली. त्यांच्याच डोसने पाणी चालवलं, नमुना रात्रभर चुन्यात ठेवला. एकशे बावन्न. दुसऱ्या दिवशी एकशे एकोणपन्नास, तिसऱ्या दिवशी एकशे साठ.

साहेबांनी खण उघडला. "शाब्बास! काय केलंस नेमकं?"

'डोस नीट बसवला' एवढं म्हणायचं होतं. पत्र टेबलावर आलं होतं. साहेबांच्या मागच्या काचेतून फाटक दिसत होतं; मामा कंबरेत वाकून चाकातला चिखल काढत होते.

"डोस मामांचाच आहे, सर. तो कधी चुकलाच नव्हता. मोजण्यात मी चुकले. सहा आठवड्यांचे सगळे आकडे खोटे आहेत."

साहेबांनी पत्र उचलून परत खणात टाकलं.

"ते अहवाल बाहेर गेलेत. एकेक दुरुस्त करावा लागेल, कारणासह. कोण करणार?"

"मी."

"आणि पद्धत लिहून काढायची, दुसऱ्या कुणाला शिकवायची. त्यानंतर बदलीचं बघू."

सोमवारी मामा पंपावर परतले. दुपारी कालच्या टाकीतली बाटली घेऊन आले. झाकण उघडलं, आवाज नाही.

"तुमची बदली होती ना, ताई?"

"होती."

त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी नळी तापकात ठेवली आणि लाल दिवा लागला.