गाठबाबाचा दोर आणि चहाची किटली

कोणी हात लावला नव्हता, तरी दगड जमिनीवरून दोन बोटे वर उचलला गेला, आणि मांडवाखालच्या तीनशे माणसांचा श्वास जागच्या जागी थबकला.

"आला, अन् अडकला," गाठबाबा म्हणाला. मांडवाच्या आढ्यापासून तागाचा पीळदार दोर सोडलेला होता आणि त्याच्या टोकाला हा मुठीएवढा दगड. सकाळी तो भुईला टेकलेला सर्वांनी पाहिला होता. "ढग म्हणजे खोंड. दावं लागलं की मुकाट उभा. आता मी गाठ मारतो. पाच दिवस थेंब नाही. ज्याला शंका असेल, त्यानं घरात छत्री उघडून बसावं."

लोक खो-खो हसले. सगळे वीटभट्टीवाले होते. बाहेर त्यांच्या कच्च्या विटा वाळत पडल्या होत्या, आणि त्या झाकायच्या साऱ्या ताडपत्र्या एकमेकींना शिवून बाबाचा हा मांडव उभा राहिला होता.

शेवटच्या रांगेत ढगबाई बसल्या होत्या. वेधशाळेत एकतीस वर्षे, दिवसातून तीनदा, त्यांनी मान वर करून आकाशाची नोंद केली होती. नाव त्यावरूनच पडले. बाहेर त्यांच्या लेकीच्या पस्तीस हजार विटा होत्या. भिजल्या तर लेकीचा हंगाम मातीला मिळणार होता.

परवा आकाशात पिसांसारखे ढग होते. काल सूर्याला खळे पडले. आज सगळीकडे करडी चादर, आणि तिच्यामागे सूर्य धुरकट काचेआडच्या दिव्यासारखा. हवामानाच्या बातम्यांतही तुरळक ठिकाणी पाऊस सांगितला होता. पण "तुरळक ठिकाण म्हणजे नेहमी शेजारचं गाव," असे म्हणून जावयाने रेडिओ बंद केला होता.

"जावईबापू, आपल्या ताडपत्र्या सोडवून आणा. संध्याकाळच्या आत पाऊस आहे."

"आई, हळू बोला. एक काढली तर सगळा मांडव उसवेल. मागच्या तीन खेपांना भिजल्या का विटा?"

"त्या तिन्ही वेळा कापसाच्या गोळ्यांसारखे सुटे ढग होते. उन्हं उतरली की विरून जाणारे. ते मोकळे सोडले असते तरी बरसले नसते."

जावयाने मान फिरवली. ढगबाई उठल्या, चहावाल्याकडची वाफाळती किटली उचलली आणि थेट पुढे जाऊन दोराखाली धरली. सर्वांदेखत दगड आणखी दोन बोटे वर सरकला.

"हा ढग नव्हे, चहा आहे," त्या म्हणाल्या. "पिळाचा दोर ओल पितो, फुगतो आणि आखूड होतो. दगड वर गेला याचा अर्थ हवा ओली झाली आणि पाऊस जवळ आला. दोर खरं बोलतोय. खोटं बोलतोय तो हा बाबा."

पुढच्या रांगांतल्या माना दोराकडे वळल्या. क्षणभर ढगबाईंना वाटले, जिंकले.

गाठबाबाने हात जोडले. "धन्य ती माउली. किटलीतून एवढंसं ढगुलं आणलं, अन् दोरानं तेही सोडलं नाही."

टाळ्यांनी मांडव दणाणला.

चार वाजता पाऊस आला. गडगडाट नाही, वारा नाही. नुसता संथ, न थांबणारा. मायलेकींनी पोती, पत्रे, घरातली सतरंजीसुद्धा आणून पसरली. आधी विटांच्या कडा गोल झाल्या, मग थरांमागून थर बसत गेले. मांडवाखालची माणसे मात्र कोरडी ठणठणीत होती.

"दोर वाफेनं भाजला, म्हणून गाठ सुटली," बाबाने आतून जाहीर केले. तीनशे डोकी ढगबाईंकडे वळली.

"आई, ती किटली नेली नसती तर..." जावई म्हणाला.

लेक चिखलात गुडघे टेकून बसली होती. "खळं मीही पाहिलं होतं, आई."

"मग?"

"तू शिकवलेलं विसरेन का? पण सगळ्यांनी दिल्या होत्या. आपलीच ताडपत्री परत मागायची लाज वाटली."

ढगबाईंनी विटांवरची भिजलेली सतरंजी उचलून पिळायला घेतली.

पुढच्या आठवड्यात गाठबाबाने नवा दोर आणला; म्हणे, याला वाफ बाधत नाही. मांडवातली एकही ताडपत्री अजून कोणाच्या घरी परत गेलेली नाही.

ऐकणारे थोडे आहेत हे ठाऊक असूनही सांगणे भाग आहे. घरी पिळाची सुतळी टांगा, टोकाला लहानसा खडा बांधा आणि ती भिजवा. खडा बाबावाचून उचलला जाईल. मग मान वर करून आकाश पाहा. पिसांमागून खळे आणि खळ्यामागून करडी चादर आली, तर उठा आणि आपली ताडपत्री मागून आणा. लाज वाटेल. तरीही मागा.