देगलूरच्या गाडीचा काढा

दर गुरुवारी सकाळी देगलूरची एसटी उदगीरच्या स्टँडात शिरायची आणि कंडक्टर शरणप्पा खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडायचा, "वर्षाराणीवहिनी, तुमचं औषध आलं!"

औषध कसलं, हे अख्ख्या गाडीला ठाऊक. वर्षाराणीची लेक शांभवी पाच वर्षांची झाली तरी तिच्या पाठीवर काही होईना, म्हणून देगलूरला थोरल्या लेकाकडे राहणाऱ्या सासूबाई, पार्वतम्मा, सुनेसाठी काढा धाडायच्या. ओवा, सुंठ, मेथ्या. चुलीवरून उतरवला की तसाच उकळता कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत. बाटली बिचारी कंबरेत मुरडून जायची.

वर्षाराणी ती दोन बोटांनी धरून घरी आणायची, मोरीत ओतायची आणि फोनवर म्हणायची, "घेतला हो, अत्याबाई."

लातूरच्या कॉलेजात ती केमिस्ट्री शिकली होती. एरवीही तिला प्रत्येक डब्याचं बूड उलटं करून वाचायची खोड. पण दोन महिन्यांपूर्वी लातूरच्याच डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट समोर ठेवला, तेव्हापासून तर ती खोड दुप्पट झाली. दोष तिच्यात नव्हताच. नवऱ्याचे, मल्लिनाथचे शुक्राणू कमी होते, आणि होते तेही सुस्त.

"तंबाखू सोडा, वजन उतरवा," बाई म्हणाल्या होत्या. "आणि गरम काही प्लॅस्टिकमध्ये नको. ते मऊ करायला जी रसायनं घालतात, ती गरमपणी खाण्यात उतरू शकतात, हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात. तेवढंच कारण आहे असं मी म्हणणार नाही. पण टाळणं आपल्या हातात आहे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

परतताना मल्लिनाथ आईबद्दल एवढंच म्हणाला, "अव्वाला नको सांगू." तिनं शब्द दिला. शब्द द्यायला काय लागतं? काढा मात्र तिच्याच नावानं येत राहिला.

मल्लिनाथची मोंढ्यात, धान्यबाजारात, आडत. तिथं चहा यायचा तो प्लॅस्टिकच्या पन्नीत; वाफाळता, फुगलेला, तोंडाला गाठ मारलेला. वर्षाराणीनं सहा स्टीलचे ग्लास आणि एक किटली धाडली. मोंढ्याला आयतीच करमणूक मिळाली. "शेठ, वहिनींचा ग्लास धुतला का?" "शेठ, बशी घरून यायची राहिली वाटतं!" चौथ्या दिवशी ग्लास गादीखाली गेले. घरी विचारलं की मल्लिनाथ म्हणायचा, "ग्लासातच पिऊन राहिलो ना!" खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

एका गुरुवारी बाटलीसोबत पार्वतम्माच उतरल्या.

दुपारी मल्लिनाथ जेवायला बसला, तशी त्यांनी बाटली सुनेपुढं ठेवली. "पी. माझ्यासमोर."

"अत्याबाई, जरा वेळानं..."

"मोरीला ओव्याचा वास येऊन राहिलाय. माझं नाक अजून म्हातारं झालं न्हाई."

वर्षाराणीनं मान खाली घातली. "काढा चांगलाच आहे. पण उकळतं प्लॅस्टिकात नको असतं हो."

"बाटलीनं लेकरू अडतंय व्हय?" पार्वतम्मा हसल्या. "शिकलेल्या बायांचं लई बरं असतं. भांड्यात खोट दिसती, आपल्यात न्हाई."

 एक वाक्य बोललं की सुटका होती. पण शब्द दिलेला. वर्षाराणी उगाच नवऱ्याच्या ताटात वरण वाढू लागली. वरण भाकरीवर गेलं, भाकरीवरून चटणीत गेलं, तरी तिचा हात थांबेना.

मल्लिनाथनं तो हात धरला. "अव्वा, खोट माझ्यात हाय."

मग त्यानं सगळं सांगितलं. रिपोर्ट, तंबाखू, वजन. एकदा तोंड उघडलंच आहे म्हणून गादीखालचे ग्लाससुद्धा सांगून टाकले.

"गादीखाली?" वर्षाराणी ओरडली.

पार्वतम्मा उठल्या, बाटली मोरीत रिकामी केली आणि स्वैपाकघरात गेल्या. अर्ध्या घटकेनं ताजा काढा स्टीलच्या ग्लासात घेऊन आल्या आणि लेकापुढं आदळला.

"मग तू पी!"

मल्लिनाथनं एक घोट घेतला आणि त्याचं तोंड पार कारलं खाल्ल्यासारखं झालं. सुनेकडं न बघता पार्वतम्मा म्हणाल्या, "दोन महिने ऐकून घेतलीस. सांगायचं न्हाईस व्हय गं?" आणि ताटातलं सांडलेलं वरण त्यांनी स्वतः पुसून घेतलं.

पार्वतम्मा देगलूरला परतल्या, आणि पुढच्या गुरुवारी स्टँडवर नवरा-बायको दोघं उभे होते. शरणप्पा मांडीवर स्टीलचा कडीचा डबा घेऊन आला आणि खिडकीतून नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडला, "मल्लिनाथशेठ, तुमचं औषध आलं!"

अख्खी गाडी वळून बघू लागली.

"अहो, हळू!" मल्लिनाथ कुजबुजला.

"पार्वतम्मांनीच सांगितलंय," शरणप्पा म्हणाला. "नाव लेकाचं घ्यायचं, अन् स्टँडभर ऐकू जाईल असं."

वर्षाराणीनं पदर तोंडाला लावला. मग सवयीनं तिनं डब्याचं झाकण उघडलं. आत, काढा हिंदकळू नये म्हणून, पार्वतम्मांनी डब्याच्या तोंडावर ताणून पन्नी बसवली होती. वाफेनं ती मऊ पडून आत काढ्यात पोहत होती.

दुसऱ्या तपासणीला अजून तीन आठवडे होते. वर्षाराणीनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं पन्नी दोन बोटांनी उचलून बाजूला धरली, अगदी तिच्यासारखी.

"फोन लाव अव्वाला," तो म्हणाला. "ह्यावेळी मी सांगतो."