अभिजित मुहूर्तावरचं क्लोरीन

आश्विन उजाडला होता. आकाश धुऊन निघालेलं, डोंगर मरकतहरित, आणि मुळशीच्या त्या टेकडीवर ऊन मधासारखं सांडत होतं. सारी सृष्टी निर्मळ झाली होती. घाण उरला होता तो एकच, दिगंबरराव सरपोतदारांच्या बंगल्यातला तरणतलाव.

हिरवा! गर्द हिरवा, गलिच्छ हिरवा, पायरीपायरीवर बुळबुळणारा हिरवा. सारा पावसाळा धन्याने ढुंकूनही पाहिलं नाही, तेव्हा शेवाळाने तिथे निवांत संसार थाटला. धन्याला पोहता येत नव्हतं. त्याला तलाव फक्त असायला हवा होता.

पाणी हवं होतं त्यांच्या पत्नीला, सुनीतीबाईंना. दोन्ही गुडघे झिजलेले, जमिनीवरचं पाऊल न् पाऊल वेदनेचं. डॉक्टरांनी रोज कमरभर पाण्यात चालायला सांगितलं होतं. उन्हाळ्यात त्या चालल्याही होत्या, हलक्या, वेदनामुक्त, मुलीसारख्या. आता काठावर खुर्ची टाकून नुसत्या बसत.

त्यांच्या विनवण्यांनी न हललेले दिगंबरराव एका फोनने हलले. रविवारी व्याही येणार होते! तत्काळ क्लोरीनच्या पावडरीचा डबा आला, पाठोपाठ पंचांग आलं. कार्य ठरलं भर माध्यान्ही, अभिजित मुहूर्तावर.

तलाव राखणारा हणमंत मरळ म्हणजे ग्रामपंचायतीच्या टाकीत वीस वर्षं टीसीएल, म्हणजे हीच क्लोरीनची पावडर, टाकलेला माणूस. तो म्हणाला, "साहेब, भर उन्हात पावडर उडून जाती. दिवस बुडताना टाकू."

"अभिजित कळतो का तुला?" दिगंबरराव गरजले.

मग काय तो सोहळा! सोवळं नेसून, हळदकुंकू वाहून, नारळ वाढवून या महापुरुषाने तळपत्या, रणरणत्या, आग ओकणाऱ्या सूर्याखाली पावडर ओतली. सूर्याने संध्याकाळपर्यंत कण न् कण क्लोरीन फस्त केलं. सकाळी तलाव होता तस्सा हिरवा, वर नारळाच्या शेंड्या तरंगत होत्या.

"मध्येच अपशकुनी बोललास, म्हणून!" हणमंतावर डाफरून दिगंबरराव पुण्याला निघून गेले.

सुनीतीबाई म्हणाल्या, "हणमंतराव, तुमच्या वेळेला टाका."

दिवस कलला. हणमंताने भिंती घासल्या, पाण्याच्या बादलीत पावडर कालवून काठाकाठाने सोडली, पंप चालू ठेवला. असं तीन संध्याकाळी. हिरवं पाणी राखाडी झालं, राखाडी दुधट झालं, दुधट नितळ झालं. रविवारी सकाळी पाणी तपासून तो म्हणाला, "उतरा आता, वहिनी."

नीलमण्यासारखं, तळाची फरशी न् फरशी दाखवणारं ते पाणी! तेवढ्यात दिगंबरराव परतले, मोबाइल उगारून. "फळला! मुहूर्त फळला!" आणि त्याच श्वासात, "अगं, पाहुणे येऊन फोटो होईपर्यंत पाण्यात कुणी उतरायचं नाही. ढवळेल."

सुनीतीबाईंना त्यांची किळस आली. नवऱ्याची, एवढ्या वर्षांत प्रथमच, स्वच्छ, निखळ किळस.

त्यांनी चप्पल काढली. कठडा धरला. एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी. पाणी गुडघ्यांवर चढलं, कमरेला भिडलं, नेसतं पातळ फुगलं. "अगं, व्याही! अगं, फोटो!" दिगंबरराव काठावर नाचत होते. पाण्यात यायची त्यांची छाती नव्हती.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. त्या चालत राहिल्या. पाऊल, आणि पाऊल, आणि पाऊल. कळ नाही, कण्हणं नाही. निळं पाणी पुढे दुभंगत होतं, मागे मिटत होतं.