एक शाल टाक की पिशवीत

त्या दुकानात माणसं कॉफी प्यायला येत नसत, कुडकुडायला येत. हे तिचं मत रागातून झालेलं असलं तरी खोटं नव्हतं. एसीचा झोत थेट तिच्या मनगटांवर येत होता. जागा बदलून पाहिली, तर कोपऱ्यात त्याहून गार.

तिचं काम बोटांचं. कॉलेजात प्राध्यापक शिकवायचे, ती इथे बसून हेडफोनवर ऐकत त्यांचा शब्द न् शब्द टाइप करायची आणि ऐकू न येणारी मुलं तो पडद्यावर वाचायची. गेल्या आठवड्यात गारठ्याने बोटं आखडली आणि अर्धा धडा गळून गेला. मुलं पडद्याकडे बघत बसली. पुन्हा असं झालं तर काम यंत्राकडे देऊ, असं कॉलेजने बजावलं होतं. आजचा तास थोड्या वेळाने सुरू व्हायचा होता.

घरी दार लागणारी खोली एकच, आणि ती नवऱ्याने बळकावलेली. बाहेर सासूबाईंचा टीव्ही, सगळ्या मजल्याला ऐकू जाणारा. नवरा कुठल्याशा कंपनीसाठी घरबसल्या दुकानांच्या एसीवर नजर ठेवायचा. थंडीचं रडगाणं ती रोज त्याच्यापुढे गायची. आज सकाळीही तो मान न वळवता म्हणाला होता, "एक शाल टाक की पिशवीत."

काउंटरवरची मुलगी स्वतःच स्वेटरवर स्वेटर चढवून उभी होती. तापमान आमच्या हातात नाही, म्हणाली, आणि तिने भिंतीवरचा तक्रारीचा नंबर दाखवला.

फोनवरचा माणूस फारच गोड होता. खासगीत सांगावं तसं त्याने सांगितलं की लॅपटॉपवाले खुर्च्या अडवून बसतात, जरा गार ठेवलं की आपणहून उठतात. बसायचंच असेल तर मॅडम, "एक शाल टाका की पिशवीत."

घरात नवरा इतक्या गोड आवाजात कधी बोललाच नव्हता, म्हणून ओळखायला वेळ लागला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "घरी निघालेय. पोचायच्या आत खोली रिकामी कर."

पलीकडून त्याचा घरातला आवाज आला. "अगं, मग आधी सांगायचंस ना. लगेच तापमान वाढवतो."

"रोज सांगत होते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तो तास तिने घरी, खोलीचं दार लावून टाइप केला. एक शब्द सुटला नाही. राग मात्र तास संपला तरी उतरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन नवरा त्या दुकानात गेला. शाल तिनेच त्याच्या पिशवीत कोंबली. ती त्याला लागली नाही. तो जाऊन बसला तेव्हापासून ते दुकान छान उबदार आहे. बाकीच्या दुकानांत माणसं अजून कुडकुडतायत.