बिनआवाजाची जत्रा

सांता बार्बाराची जत्रा स्वखर्चानं भरवायचा मान मिळावा म्हणून फोर्तुनातानं अर्धं आयुष्य लांब मानेचे, लोकरीचे लामा पाळले, विकले आणि पुन्हा पाळले. अखेर मान मिळाला, आणि नेमक्या त्याच वर्षी फ्लेमिंगोंनी घोळ घातला.

वरच्या खाणीनं झऱ्यांचं पाणी ओढल्यापासून गावचं तळं दरसाल आकसत होतं. पक्ष्यांच्या जुन्या बेटांवर आता कोल्हे पाय न भिजवता जाऊन येत. तेव्हा यंदा त्या हजारो गुलाबी मंडळींनी चिखलाची घरटी थेट देवळाखालच्या उथळ पाण्यात मांडली. मिरवणुकीच्या वाटेला लागून. परवानगी कोणाचीच नाही.

सांता बार्बारा गावची देवी, विजेची मालकीण. तिच्यापुढे दारूचे बाण फुटायचे, पितळी बँड वाजायचा. आवाज जेवढा मोठा, तेवढा मानकरी मोठा. पण पक्षी दचकून उडाले, की टपून बसलेले कुरव पक्षी अंडी फस्त करणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि जोडप्याला अंडं एकच.

"वहिनी, बाण कुठून मागवलेत?" दीर सातुर्निनोनं विचारलं. गेल्या वर्षीचा मानकरी तोच. त्याच्या बाणांनी देवळाची काच तडकली होती. ती तो पाहुण्यांना अजून कौतुकानं दाखवायचा.

"बाण नाहीत. बँडही नुसता चालणार, वाजणार नाही."

"मग ही जत्रा आहे की मयत?"

"मयतात रडता तरी येतं, भाऊजी. इथं तेही चालायचं नाही."

"अन् तुमच्या हातचं निशाण घेणार कोण?"

हे मात्र फोर्तुनाताला लागलं. मिरवणूक संपली की मानकरी निशाण पुढे धरतो. जत्रा मनात भरली असेल तर गावातलं कोणीतरी ते घेतं आणि पुढच्या वर्षीचा मानकरी होतं. न घेतल्याचं एकदाच घडलं होतं. ते कुटुंब आता शहरात राहतं.

जत्रेच्या सकाळी मिरवणूक निघाली. बँडवाले गणवेशात, वाद्यं गळ्यात, गाल रिकामे. नाचणाऱ्यांनी घुंगरांना लोकर गुंडाळलेली. टुबा हा मोठा पितळी भोंगा वाजवणाऱ्याला शिंक आली; ती त्यानं टोपीत दिली आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली. सातुर्निनो नापसंती दाखवायला आला होता, पण बूट हातात घेऊन.

वळणावर पाणी दिसलं आणि गाव थबकलं.

तळं बोलत होतं. खोल, घोगरं, अखंड. बाजारभर बायका दबक्या आवाजात भाव करताहेत असं. इतकी वर्षं बँडच्या गदारोळात हे कोणी ऐकलंच नव्हतं. अंड्यांवर न बसलेल्यांचा एक थवा अंगाला अंग लावून चालू लागला. शेकडो ताठ माना एकदम उजवीकडे, एकदम डावीकडे. मग पंख उघडले आणि पाण्याला जणू आग लागली. वाटेजवळची एक मादी उठली, चोचीनं अंडं हळूच फिरवलं आणि पुन्हा बसली. देवीला खांद्यावर घेतलेले चौघे गुडघ्यांवर आले. तसं ठरलेलं नव्हतं.

देवळात परतल्यावर फोर्तुनातानं निशाण पुढे धरलं. कोणी हललं नाही. राग आहे की अजून कोणाला वाचा फुटलेली नाही, तिला कळेना. हात भरून आले.

गर्दीतून सातुर्निनो पुढे आला आणि त्यानं निशाण घेतलं.

"भाऊजी, तुम्ही?"

"घेतलं. पण खरं सांगू का, वहिनी?" तो कुजबुजला. "तुमच्या जत्रेत फार गोंगाट झाला. केवढ्यानं श्वास घेत होते लोक! माझ्या वर्षी बघा."