बाहेरून कडी

चिठ्ठ्या उलट्या टाकायच्या, हा नियम रेश्माला पहिल्या शनिवारपासून खटकत होता. चांगल्या कामात नाव लपवायचं कशाला?

नियम नागनाथसरांचा. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांना जपानी साखळी-कवितेचं वेड लागलेलं. एकानं तीन ओळींचं कडवं लिहायचं, त्याला दुसऱ्यानं दोन ओळी जोडायच्या, मग पुन्हा तीन, पुन्हा दोन. नवं कडवं फक्त शेवटच्या कडव्याला जोडायचं; त्याच्या मागं वळायचं नाही. प्रत्येक फेरीला सगळ्यांनी लिहायचं, सर त्यातली एक चिठ्ठी निवडणार, आणि ती कुणाची हे कुणी विचारायचं नाही. "एकदा साखळीत आलं की ते सगळ्यांचं," सर म्हणायचे.

बैठक तळमजल्यावर शालनमावशींच्या पुढच्या खोलीत भरायची, कारण कूलर त्यांचाच बरा. सर, मावशी, बँकेतली बुद्धप्रिया आणि रेश्मा, अशी चारच डोकी; शिवाय रेश्माची अकरा महिन्यांची आरोही, चटईवर रांगत हाताला येईल ते तोंडात घालणारी. रेश्मा त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. नवरा शिवराज पुण्यात नोकरीला, पंधरवड्यातून एकदा यायचा. मावशींनीच तिला खाली ओढून आणलं होतं. "एम.ए. शिकलीस ते भिंतीशी बोलायला व्हय? चल की."

आपलेपणानं म्हणाल्या असतील. पण मावशींचं माहेर मोडनिंब, आणि रेश्माची सासू मथुराबाई मोडनिंबलाच राहायची. दोघी एका वर्गातल्या, सारखे फोन चालायचे. आरोहीला बाटली सुरू केली ते सासूला दुसऱ्या दिवशी ठाऊक. मागच्या खेपेला चपला घालता घालता सासू बोलून गेली होती, "आता पुना काय कमी-जास्ती कळलं, तर पोरगीला घिऊनच जाणार बघ मी. शाळंत जायाची झाली की आणून सोडीन." शिवराज शेजारीच उभा होता. काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं रेश्मा अजून चघळत होती.

आणि मंगळवारी कमी-जास्ती झालं होतं.

आरोहीला ताप, औषध संपलेलं, बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. पोर नुकतीच झोपली होती. रेश्मानं बाहेरून कडी घातली आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पळाली. तिथं नेमकी गर्दी. परत येऊन दार ढकललं तर जड लागलं. आरोही आतून दाराला धरून उभी होती. रडून आवाज बसलेला, दाराच्या रंगावर ओल्या पंजांचे ठसे. जन्मात पहिल्यांदा पोर उभी राहिली होती, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. ठसे रेश्मानं पदरानं पुसले.

जिन्यात कुणी नव्हतं. म्हणजे तिला तरी कुणी दिसलं नव्हतं.

आज साखळी उन्हाळ्यापासून सुरू झाली. सरांनी पहिलं कडवं निवडलं:

*गच्चीवर कुरडया*
*कावळ्याची नुसती सावली*
*शिवून जाते*

त्याला जोडलेल्या दोन ओळी:

*राखणीला बसलेली शेजारीण*
*काठी धरून पेंगते*

"हे मावशींवर आहे," बुद्धप्रिया हसली.

"मी पेंगत न्हाय," मावशी म्हणाल्या. "मी डोळं मिटून बगते."

सगळे हसले. रेश्माही हसली, पण ते 'डोळं मिटून बगते' तिनं मनात घडी घालून ठेवलं.

पुढच्या फेरीच्या चिठ्ठ्या सर एकेक करून वाचू लागले. एका चिठ्ठीशी थांबले. "वा!"

*बाहेरून कडी*
*दाराला आतून टेकलेले*
*दोन ओले तळहात*

कूलरसमोर बसून रेश्माला घाम फुटला. नुसती कडी असती तर एक वेळ समजलं असतं. पण तळहात? ओले? तिनं मावशींकडं पाहिलं. त्या आरोहीला मांडीवर घेऊन तिच्या तोंडाला लागलेला घास पुसत होत्या, किती मायेनं! म्हणजे ही बाई वर आली होती. रडणं ऐकलं, दार उघडून बघितलं, आणि पुन्हा कडी घालून निघून गेली. मोडनिंबला फोन तर तेव्हाच गेला असेल.

पुढच्या दोन ओळी लिहायच्या होत्या. रेश्मानं गळ टाकला. आणि सरांनी नेमकी तिचीच चिठ्ठी उचलली:

*जिन्यात कोण उभं आहे*
*श्वास धरून?*

"अगं बया, कुनाचं हे? काटाच आला अंगावर," मावशी म्हणाल्या.

"विचारायचं नाही," सर म्हणाले.

"मावशी," रेश्मा बोलली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला. "मंगळवारी तुम्ही वर आला होतात ना?"

"कवा?"

"दुपारी. मी औषध आणायला गेले होते तेव्हा. पळत गेले, पळत आले. ही आत दाराला धरून उभी राहिली होती, पहिल्यांदा उभी राहिली होती, आणि तुम्ही तिला तसंच रडत ठेवून खाली आलात. वर त्याची कविता केलीत!"

आरोहीच्या जावळावरून फिरणारा मावशींचा हात थांबला.

"मंगळवारी मी अक्कलकोटला हुते की," त्या हळू म्हणाल्या. "नागव्वाच्या नातवाचं बारसं. बुदवारी तुला पेढं आणून दिलं न्हाईत का?"

दिले होते. त्यांचा रिकामा पुडा अजून ओट्यावर पडला होता.

"रेश्मा, ते कडवं माझं आहे गं." बुद्धप्रियाचा चेहरा उतरला होता. "शेजारीण पेंगते, मग तिच्या भरवशावर ठेवलेलं पोर कुठंतरी अडकणार, असं सुचलं. मागच्या ओळींतनं आलं, दुसरं काही नाही. मला काय माहीत..."

ते आता सगळ्यांनाच माहीत होतं. कुणी न विचारता रेश्मानं स्वतःच दार सताड उघडून दाखवलं होतं, आणि तेही मोडनिंबच्या बाईसमोर.

सर खाकरले. "मागं वळायचं नाही. आता साखळीत चंद्राची जागा येते, या कडव्यात चंद्र हवाच. लिहा."

रेश्माची चिठ्ठी कोरीच राहिली. सरांनी निवडलेलं कडवं तिनं ऐकलं:

*चांदणं पडलं*
*दुधावर झाकण ठेवून*
*कुणी उठून गेलं*

कुणाचं, हे या खेपेला तिनं विचारलं नाही. निघताना मावशींनी आरोहीला तिच्या कडेवर दिलं. "पुढल्या येळी हिला माज्याकडं टाकून जा. मी पेंगत न्हाय, म्हायती हाय न्हवं?"

कुणी हसलं नाही. जिना चढताना रेश्माच्या डोक्यात ते झाकणच घोळत होतं. ठेवणाऱ्याला ते काढायला कितीसा वेळ लागतो?

पहिल्या मजल्यावर पोचते तोच खाली फोन वाजला. वारं यावं म्हणून मावशींचं दार उघडंच होतं.

"बोल मथे."

रेश्मा होती तिथंच थांबली. आरोहीला तिनं छातीशी घट्ट धरलं.

"व्हय, आत्ताच गेली वर. पोरगी झ्याक हाय." पलीकडून काहीतरी विचारणं चाललं असावं. "न्हाय गं, तसलं काय न्हाय. अगं, हुबी ऱ्हायली म्हनं मंगळवारी! दाराला धरून... कुनी बगितलं म्हंजी? आईनं. आईम्होरंच हुबी ऱ्हायली की."

तेवढ्यात आरोही खिदळली, मोठ्यानं. खालचं बोलणं थांबलं.

"रेश्मा," खालून हाक आली, "जिना तापलाय. पोरीला घिऊन घरात जा."

म्हणजे आपण ऐकतोय हे त्यांना ठाऊक होतं! मग आत्ताचं ते सगळं फोनला सांगितलं, की जिन्याला?

घरात येऊन तिनं आतून कडी घातली, तर तिचाच फोन वाजू लागला. मोडनिंब.

"काय गं, हुबी ऱ्हायली म्हनं आमची बाय? मला सांगाया नगो?" सासूचा आवाज हसरा होता. रेश्मा त्यातलं हसू चाचपून बघत राहिली. "कशी हुबी ऱ्हायली? तू हुतीस न्हवं जवळ?"

खाली मावशी बोलून मोकळ्या झाल्या होत्या. आता पुढचं कडवं जोडायचं होतं, आणि लिहिणारी ती एकटीच.

"हो आई," रेश्मा म्हणाली. "माझ्यासमोरच."

सासू पुढं काहीबाही विचारत राहिली. हूं हूं करता करता रेश्मानं कडी काढली, दार किलकिलं केलं. जिन्यात कुणी नव्हतं. तिनं कठड्यावरून वाकून खालपर्यंत पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं.